लुईझ बुर्ज्वाचा कोळी म्हणजे आई कशी?

प्रश्न: शिल्पकार लुईझ बुर्ज्वाचं 'मामाँ' (फ्रेंचमध्ये 'आई') हे १९९९ चं शिल्प फोटोत पाहिलं. नऊ मीटरहून उंच कोळी, पोटाखाली जाळीच्या पिशवीत संगमरवरी अंडी. मला धडकीच भरली. याला आई का म्हणायचं?

उत्तर १: ताई, बुर्ज्वाची आई जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेल्या चित्रांचे पडदे, दुरुस्त करायची. फाटलेलं सांधणारी बाई! तिच्याच १९९७ च्या 'स्पायडर' या शिल्पात कोळ्याच्या पायांखाली तारेच्या जाळीची खोली आहे, आत खुर्ची, जाळीला टॅपेस्ट्रीचे तुकडे. धाक आणि माया एकाच जागी.

उत्तर २: त्याआधी 'फाम मेजाँ' (फ्रेंचमध्ये 'बाई-घर') बघा, बुर्ज्वाची १९४६-४७ ची चित्रं. बाईचं अंग उघडं आणि डोक्याच्या जागी घर. तेव्हा बुर्ज्वा न्यूयॉर्कमध्ये तीन मुलगे वाढवत होती. घराने तिचा चेहराच खाल्लाय, असं मला दर वेळी वाटतं. पुढे हेच तिने संगमरवरातही घडवलं.