तुमच्या स्वयंपाकघरातलं लाडकं छोटं यंत्र कोणतं? (अनुभव लिहा)

सांजवेळ
घर बदलायचंय म्हणून काल माळा उपसत होते. एका खोक्यात जुन्या चादरीत गुंडाळलेला आमचा विजेवरचा भाताचा कुकर निघाला. दोघा-तिघांपुरता, झाकणाच्या कडेला पोचा आलेला. मापाचा पेला आतच होता, त्यावर मी कधीकाळी मारलेली लाल रेघसुद्धा तशीच. वायर नीट तपासली, थोडे तांदूळ लावले आणि परत खोकी भरायला लागले. काही वेळानं आतून 'टक्' असा आवाज आला आणि मी हातातलं सोडून तिथेच जमिनीवर बसले.

आई चार महिने दवाखान्यात होती, तेव्हा घरी मी आणि धाकटी बहीण. मी सतराची, ती बाराची. तिनं एकटीनं गॅसपाशी जायचं नाही असं आईनं बजावलेलं. मग मावशीनं हा कुकर आणून दिला. शाळेतून आली की बहीण त्या लाल रेघेपर्यंत तांदूळ मोजायची, धुवायची, भांड्याच्या आतल्या खुणेपर्यंत पाणी घालून खटका दाबायची. मी संध्याकाळी जिना चढून येईपर्यंत घरात भाताचा वास सुटलेला असायचा. ही स्टुलावर बसून त्या 'टक्'ची वाट बघत असायची. "ताई, झाला!" हे तिचं ओरडणंसुद्धा काल त्या आवाजाबरोबर कानात आलं.

एवढंसं यंत्र, पण त्यानं आम्हाला त्या दिवसांत रोज गरम जेवू घातलं. तुमचंही असं एखादं असेलच. सावकाश लिहा. मोठं, महागडं काही नको, रोजच्या रांधण्यातलं, ज्याच्यावर जीव आहे असं.

रानवारा
हँड ब्लेंडर. दुसरं नावच घेणार नाही.
गरम सूप मिक्सरच्या भांड्यात घालून घट्ट झाकण लावलं होतं. बटण फिरवताच आतल्या वाफेनं झाकण उडालं. मनगट भाजलं, छतावर शिंतोडे. तेव्हापासून गरम काहीही मिक्सरमध्ये जात नाही. ब्लेंडर थेट पातेल्यात. दांड्याचं टोक पूर्ण बुडाल्याशिवाय बटण दाबायचं नाही आणि बटण सोडून पातं थांबल्याशिवाय बाहेर काढायचं नाही, म्हणजे एक थेंब उडत नाही. धुताना आधी प्लग काढा. हे तर दहा वेळा सांगेन.

नीलमोहर
सांजवेळ, वाचून डोळे भरले गं. आई बऱ्या झाल्या ना नंतर?

सांजवेळ
हो हो, ठणठणीत! काल फोनवर सांगितलं तर म्हणाली, माळ्यावर का टाकलात त्याला.

कडीकोयंडा
त्या 'टक्'मागे फार सुंदर युक्ती आहे, लिहिल्याशिवाय राहवत नाही. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तापमान साधारण १०० अंशांच्या वर जात नाही. तांदळानं पाणी पिऊन टाकलं, उरलेलं वाफ होऊन गेलं, की तळ त्यापुढे तापायला लागतो. तळाशी मधोमध जी गोल चकती दिसते, स्प्रिंगवर खालीवर होणारी, तिच्यात असा धातू असतो की १०० च्या थोडं वर गेलं की त्याचं चुंबकत्व जातं. मग खाली चुंबकानं धरून ठेवलेला खटका सुटतो. टक्! ना घड्याळ, ना हिशेब. तांदूळ कमी असोत की जास्त, पाणी संपलं की त्याला आपोआप कळतं.
म्हणून त्या चकतीवर भाताचं शीत चिकटू द्यायचं नाही आणि भांडं बाहेरून पुसूनच आत ठेवायचं. भात कच्चा राहतो किंवा लागतो त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.
आणखी एक. जपानमध्ये १९५५ साली तोशिबानं विकायला काढलेला आपोआप बंद होणारा कुकर मिनामी नावाच्या छोट्या कारखानदारानं घडवला होता. त्याच्या चाचण्या घेतल्या त्याच्या बायकोनं, फुमिकोनं, घरच्या घरी, भात पुन्हा पुन्हा शिजवून. त्यात चुंबक नव्हतं. दोन भांडी एकात एक, बाहेरच्यात मोजून पाणी. ते पाणी आटलं की दोन धातूंची पट्टी वाकून वीज तोडायची. नाव कंपनीचं झालं, पण मला आठवते ती फुमिको.

पाऊसवेडी
मिक्सर मिक्सर मिक्सर. सोळा वर्षं झाली.
मध्येच एकदा वाटण वाटताना बंद पडला. जळला असं धरून आम्ही नवा बघायला निघालो होतो. शेजारच्या काकांनी उलटा केला, खालचं लाल बटण बोटानं दाबलं, सुरू! जास्त भार पडला की मोटर वाचवायला तो स्वतःच बंद होतो. थोडा थंड होऊ द्यायचा, भांड्यातला माल कमी करायचा, मग बटण आत दाबायचं. हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

गोधडी
उजवा हात मोडला होता. प्लास्टर. कांदा चिरायचा कसा? दोरी ओढायचा चॉपर होता घरात, पण त्याला एक हात धरायला लागतो, एक ओढायला. शेवटी भावानं विजेचा छोटा चॉपर दिला, वरून तळहातानं दाबायचा. खाली ओलं फडकं अंथरलं की भांडं सरकत नाही. कांदा फक्त सोलून हवा, ते मुलगा करायचा. एक-एक सेकंद दाबून सोडायचं, चार वेळा. धरून ठेवलं तर लगदा होतो आणि पाणी सुटतं.
हात जोडला गेला, चॉपर ओट्यावरच राहिला.

नीलमोहर
अरेरे, कधी झालं हे? आता हात कसाय?

गोधडी
मागच्या पावसात पाय घसरला. आता बराय. थंडीत दुखतो थोडा.

नीलमोहर
कोमट पाण्यात बुडवून बोटं उघडमीट करत जा. माझ्या सासूबाईंना फिजिओथेरपीवाल्यांनी तेच सांगितलं होतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून मात्र.

तिफण
किटली. वसतिगृहात चार वर्षं तीच आमची चूल. अंडी तिच्यात उकडू नका हो पण, आमच्या शेजारच्या खोलीतल्यांनी केलं होतं. अंडं फुटलं आणि वास महिनाभर गेला नाही.
तळाला पांढरा थर साचतो तो पाण्यातला क्षार. पाण्यात लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर घालून गरम करायचं, बंद करून अर्धा तास ठेवायचं, मग दोनदा साध्या पाण्यानं विसळायचं. तारेच्या घासणीनं खरवडू नका.
थर गेल्यावर पाणी उकळतानाचा खडखडाटही कमी होतो. माझी तर एकदम मवाळ बोलायला लागली.

दुपारचीझोप
अंड्यांवरून आठवलं. अंडी उकडायचं छोटं यंत्र आहे माझ्याकडे. त्याच्या मापावर एका अंड्याला जास्त पाणी आणि सहा अंड्यांना कमी, असं छापलंय. चूक आहे ना ती? मी उलटच घालते.

कडीकोयंडा
नाही नाही, छापलेलं बरोबर आहे, तसंच घाला! ते वाफेवर शिजवतं. पाणी संपलं की यंत्र थांबतं. अंडी जास्त असली की वाफ त्यांच्या थंड कवचावर गार होऊन थेंबाथेंबानं परत तळाला पडते. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरात येतं, म्हणून कमी पुरतं. एकच अंडं असेल तर वाफ सरळ वरच्या भोकातून निसटते.

दुपारचीझोप
म्हणजे इतके दिवस एकट्याचं अंडं मऊ राहायचं ते यामुळे! उद्याच करून बघते. मनापासून धन्यवाद.

खिडकीपाशी
माझ्या आईबद्दल लिहिते. नजर बरीच अधू झालीये तिची. गॅसची ज्योत बारीक आहे की मोठी, दिसत नाही. मायक्रोवेव्ह घेतला, तर त्याची बटणं काचेसारखी सपाट, बोटाला काहीच लागेना. आठवडाभर ती त्याच्याजवळ गेली नाही. मग मी 'सुरू'वर नेलपॉलिशचा एक जाड थेंब दिला, 'बंद'वर दोन आणि अर्ध्या मिनिटाच्या बटणावर छोटी आडवी रेघ. वाळल्यावर आणखी एक थर. आईनं बोट फिरवलं, थांबली, परत फिरवलं. म्हणाली, "हा एक. हे दोन. ही काठी."
दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर तिनं स्वतःसाठी दूध गरम करून घेतलं होतं आणि माझ्यासाठी कप झाकून ठेवला होता.
एक काळजी घेतो. पाणी किंवा दूध गरम करायचं तर आत लाकडी चमचा ठेवायचा आणि काढायच्या आधी थोडं थांबायचं. मायक्रोवेव्हमध्ये पाणी कधीकधी न उकळता जास्त तापतं आणि धक्का लागला की एकदम उसळतं.

रानवारा
"ही काठी". किती गोड. आजच बाबांच्या टीव्हीच्या रिमोटला हे करतो.

अर्धविराम
मोबाईलवरून लिहितोय, चुका पोटात घाला.
वजनकाटा. यंत्रच आहे, बॅटरी लागते! पाव भाजायला लागल्यापासून त्याच्याशिवाय चालत नाही. पीठ वाटीनं मोजलं तर दाबून भरलं की जास्त, भुरभुरवलं की कमी. काट्यावर परात ठेवायची, शून्याचं बटण दाबायचं, पीठ घालायचं, परत शून्य, पाणी, परत शून्य, मीठ. एकाच भांड्यात सगळं, वाट्या-चमचे घासायला नाहीत. ५०० ग्रॅम पिठाला ३२५ ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ. हे जमलं की पुढे हात आपोआप शिकतो.

तिफण
यीस्ट किती?

अर्धविराम
सुकं इन्स्टंट ५ ग्रॅम. घाई नसेल तर त्याहून कमी घाला, रात्रभर फ्रीजमध्ये फुगू द्या, चव फार वाढते. दारावर कुणीतरी आलंय, नंतर लिहितो.

शेवंती
कुणी स्लो कुकर वापरतं का? सकाळी सगळं भरून जायचं, संध्याकाळी तयार, ही कल्पना फार आवडलीये. राजमा करून बघणार आहे उद्या.

कडीकोयंडा
थांबा! राजमा कोरडा थेट त्यात घालू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो खळखळ उकळल्यावरच मोडतो. स्लो कुकर मंद चालतो, तेवढं तापमान येईलच असं नाही. अर्धवट शिजलेल्या राजम्यानं जोरदार उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर किमान १० मिनिटं चांगला उकळा (मी अर्धा तास उकळतो) आणि मगच स्लो कुकरमध्ये.

शेवंती
बापरे. बरं झालं विचारलं. भिजत घातलाय, सकाळी गॅसवर उकळूनच घेईन.

पाऊसवेडी
साधा प्रेशर कुकर का नाही मग? आतला दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, कडधान्य झटपट शिजतं. फक्त दर वेळी झाकण उजेडाकडे धरून वाफेच्या नळीतून आरपार दिसतंय का ते बघायचं. मी एका डोळ्यानं बघते, मुलगी म्हणते आई दुर्बीण लावतेय.

चाफेकळी
एअर फ्रायर घेऊ का? घरात दोन तट पडलेत.

गोधडी
तळण्यासाठी म्हणून घेतलात तर मन खट्टू होईल. तो मुळात जोरदार पंख्याची छोटी भट्टी आहे. बटाट्याच्या फोडी, भाज्या, काल उरलेलं परत कुरकुरीत करणं, यात त्याला तोड नाही. पातळ पिठात बुडवलेलं काही घालू नका, जाळीतून ठिबकतं. एकावर एक रचू नका, हवा फिरायला जागा हवी. निम्म्या वेळाला एकदा हलवा.

बोलकी_बाहुली
आमच्याकडे नुसता धूळ खात पडलाय. इंडक्शन घ्या त्यापेक्षा. भांड्याच्या बुडाला फ्रीजवरचं चुंबक लावून बघा. चिकटलं की चालणार.

चाफेकळी
म्हणजे आता तीन तट झाले 😀

सांजवेळ
सगळे प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवले. खिडकीपाशी, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. बहीण म्हणतेय कुकर तिला हवा. मी म्हटलं, लाल रेघेचा पेला माझ्याकडे, कुकर तुझ्याकडे. यावर बोलणी चालू आहेत.

अर्धविराम
पेल्याशिवाय कुकर नेणार कशी? दोघींनी एका घरी जेवा.

निशिगंध
रात्री उशिरा वाचतेय. पाऊसवेडी, ते लाल बटण! आमचा मिक्सर दोन वर्षं कपाटात बंद पडून आहे. आईचा होता, ती गेली त्याच महिन्यात थांबला, दुरुस्तीला न्यायचं मनच झालं नाही. तुमचं वाचून आत्ता जाऊन उलटा केला. बटण बाहेर आलेलं होतं. दाबलं. चालू झाला.

पाऊसवेडी
अगं!! अंगावर काटा आला. काय वाटलंस मग पहिलं?

निशिगंध
काहीच नाही. रिकामाच फिरवला थोडा वेळ. आवाज ऐकायचा होता.