मदत हवी आहे : पेठच्या पाड्यावर उपग्रहाची छत्री पावसाळ्यात चालेल का?

नमस्कार मंडळी. आमचा पाडा नाशिकच्या पेठ तालुक्यात, बराच आत. मोबाईलला रेंज नाही. वरच्या माळावर एका आंब्याखाली दोन काड्या येतात. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आली आणि तिथेच थांबली.

मागच्या आषाढात शेजारच्या वहिनीचे दिवस भरलेले, त्यात ताप चढला. डॉक्टरांना विचारायला आशाताई भर पावसात माळावर गेल्या. त्या खाली येईपर्यंत पाऊण तास गेला. वहिनी आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, पण तो पाऊण तास मला अजून विसरता येत नाही.

म्हणून वर्गणी काढून समाजमंदिरावर उपग्रहाचं इंटरनेट घ्यायचं ठरलंय. ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टर सेवा) डॉक्टर दिसावेत, बोलता यावं, एवढं झालं तरी पुष्कळ. विकणारा म्हणतो, छत्री लावली की काम झालं. पण पाऊस इथला कसा असतो तुम्हाला माहीत आहे, आणि पश्चिमेला डोंगर अगदी अंगावर आहे. पैसे गरिबांचे आहेत, चुकायला नको. कुणी बसवलंय का?

उत्तर : दादा, डोंगराची काळजी सोडा. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणारे, विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंच असतात. इस्रोचा इंटरनेटचा उपग्रह जीसॅट-११ आहे ७४ अंश पूर्वेला, म्हणजे नाशिककरांना जवळजवळ नेमका दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ६६ अंश वर. दक्षिणेचं उंच झाड तेवढं बघा. पाऊस मात्र त्रास देणार. उपग्रहाच्या लहरींचे केए आणि केयू असे पट्टे (बँड) असतात; केएला जास्त, केयूला त्याहून कमी. बँड कुठला आणि छत्री केवढी, हे कोटेशनवर लिहून घ्या. मुसळधार सरीत लिंक मंदावते, कधी तुटते, आणि सर ओसरली की परत येते. नाही आली, तर वाऱ्याने छत्री हललीय किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. तेव्हा पावसाला दोष देऊन बसू नका. आणखी एक : एवढ्या अंतरामुळे बोलणं पोचून उत्तर यायला अर्धा सेकंद तरी जातो. आशाताईंना सांगा, वाक्य पुरं करून थांबायचं, नाहीतर दोघं एकदमच बोलतात.

मी : खूप आभार. समाजमंदिराच्या दक्षिणेला मोठा फणस आहे, तो तोडायचा नाही. शाळेचं छत मोकळं आहे, उद्याच बघून येतो. पावसाळ्यात आमच्याकडे तीन-तीन दिवस लाईट नसते. छत्री आणि मोडेम सोलरवर चालवायला बॅटरी केवढी घ्यावी, कुणी सांगेल का?