‘बळीचे नाव’ : व्हिक्टिमला मराठीत काय म्हणायचं?

पागोळी
एका मदत केंद्रासाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. गुन्ह्यात इजा झालेल्या माणसाने वकील कुठे गाठायचा, पैसे कुणाकडे मागायचे, असा विषय. इंग्रजीत दर दुसऱ्या ओळीत ‘व्हिक्टिम’ आहे. पहिल्या खर्ड्यात मी सरळ ‘बळी’ लिहिलं आणि अर्जाच्या नमुन्यात ‘बळीचे नाव’ असा रकाना केला. केंद्रात आलेल्या एका बाईंना वाचायला दिलं. त्यांच्या कानापासून खांद्यापर्यंत ॲसिडचे व्रण आहेत. त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “ताई, मी मेले नाही अजून.”
तिथल्या तिथे खोडलं. आता काय लिहू?

समिधा
पीडित. स्त्रीलिंगी पीडिता. पीड् धातूपासून आलेला, सगळ्यांना कळणारा शब्द असताना शोधाशोध कशाला?

जुना_टंकलेखक
मी फौजदारी न्यायालयात उभा जन्म टंकलेखन केलं. आमच्याकडे ‘फिर्यादी’च चाले. ‘व्हिक्टिम’ची वेगळी व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१ डिसेंबर २००९ पासून आली. तोवर खटला सरकार विरुद्ध आरोपी, आणि मार खाल्लेला माणूस फक्त साक्षीदार. ‘फिर्यादी’ लिहा. मूळ फारसी फर्याद, म्हणजे मदतीसाठी मारलेली हाक. किती नेमका शब्द आहे!

रानजाई
काका, शब्द चांगला आहे पण इथे तो घात करतो. माझ्या चुलतभावाचा खून झाला तेव्हा फिर्याद रखवालदाराने दिली होती. भरपाईचा अर्ज काकूंचा. कारकुनाने दोनदा परत पाठवलं, “फिर्यादीला घेऊन या.” कायद्याच्या व्याख्येत पालक आणि कायदेशीर वारसही येतात, हे त्या खिडकीवर कुणी सांगितलं नाही.
आणि ‘विधी सेवा प्राधिकरण’ या नावाबद्दलही लिहा, पागोळी. काकूंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “विधी सगळे झाले गं, तेराव्यासकट.” मला पुढे बोलवेना. कंसात ‘मोफत वकील’ असं मोठ्या अक्षरात छापा.

पागोळी
छापते. ‘पीडित’ मी घातलं होतं, समिधा. बाई म्हणाल्या, बातमीतलं वाटतं. मग त्यांनीच सुचवलं, ‘ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचे नाव’.

दोन_ओळी
नको! ‘माझ्यावर गुन्हा आहे’ म्हणजे मी आरोपी. पोलीस ठाण्यात हा अर्ज वाचणारा उलटंच समजेल. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त तसं ‘गुन्हाग्रस्त’ का नाही?

समिधा
फारसी ‘गुन्हा’ला संस्कृत ‘ग्रस्त’ जोडलेला हा संकर कानाला खुपतो.

दोन_ओळी
‘कर्जग्रस्त’ खुपत नाही ना? तोही तसाच झालाय. लोक बोलतात म्हणून शब्द उभा राहतो.

रानजाई
‘गुन्हाग्रस्त’ वाचून मला वस्ती आठवते, माणूस नाही.
शब्द कुठलाही घ्या, पण एक वाक्य पत्रकात सगळ्यात वर हवं: आरोपी सापडला नसेल, खटला उभा राहिला नसेल, तरी जखमी माणूस किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक भरपाई मागू शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५७क, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं ३९६. अर्ज जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, त्यांनी चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने. फोन १५१००. काकूंना हे सात महिन्यांनी कळलं.

पागोळी
वरच घेते. पण मग ‘भरपाई’ म्हणू की ‘मदत’? बलात्कार, ॲसिड हल्ला सोसलेल्यांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेत ‘अर्थसहाय्य’ आहे.

दोन_ओळी
मराठवाड्यात ‘मावेजा’ म्हणतात, पण तो जमिनीचा. ‘मोबदला’ तर अजिबात नको, दिलेल्या वस्तूच्या बदल्यात मिळतो तो मोबदला. ‘सानुग्रह’ही नको. अनुग्रह म्हणजे कृपा. इथे कृपा कसली, हक्क आहे.

जुना_टंकलेखक
भरपाई म्हणजे ‘भर पावणे’. जुन्या खतांत कर्ज फिटलं की ‘भरून पावलो’ असा शेरा मारत, ‘पावती’ही त्याच पावण्यातून. म्हणून मला ‘भरपाई’ लिहिताना नेहमी जड जायचं. डोळा गेलेला माणूस समोर उभा, आणि मी टंकतोय की तो भरून पावला.

रानजाई
काका, तरी तोच ठेवा. ‘मदत’ म्हटलं की काकू हात जोडतात. ‘भरपाई’ म्हटल्यावर पहिल्यांदा विचारलं, “किती, आणि कधी?”

समिधा
‘भरपाई’तली पाई म्हणजे पैसापाईतली पाई. शेवटच्या पाईपर्यंत भरणं. आमच्या आजोबांनी असंच सांगितलं होतं.

जुना_टंकलेखक
पाई नाण्याचा इथे संबंध नाही हो. पावणेचंच रूप आहे. घरी एक गहाणखत आहे, त्याच्या पाठीवर शेरा आहे. उद्या अक्षरन् अक्षर उतरवून देतो.

समिधा
द्या. पण मोडीतला ‘व’ नीट बघा, घाईत भलतंच वाचलं जातं.