प्रतिसाद: अडचण एबसिडिकची नव्हती
'एबसिडिकमुळेच (आयबीएमची अक्षरांना अंक देण्याची पद्धत) मेनफ्रेमवर (मोठ्या व्यावसायिक संगणकावर) लिनक्स नेणं अवघड गेलं असणार' हे वरचं म्हणणं पटलं नाही. एस/३९० या आयबीएमच्या मेनफ्रेमवरचा लिनक्स आतून आस्की हीच नेहमीच्या संगणकांवरची अक्षरपद्धत वापरतो. अक्षरांची अदलाबदल मुख्यतः कन्सोल ड्रायव्हरमध्येच (नियंत्रणाचा पडदा-कळफलक हाताळणाऱ्या कोडमध्ये) उरकते. खरा फरक इनपुट-आउटपुटचा. झेड/व्हीएम, म्हणजे मेनफ्रेमवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली, तिच्या ३२१५ कन्सोलवर मजकूर कळागणिक जात नाही, एंटर दाबल्यावर अख्खी ओळ जाते. त्यामुळे तिथे व्हीआय हा मजकूर-संपादक चालत नाही, एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आत शिरावं लागतं.

इन्स्टॉलची पद्धत कुणी लिहिली नाही, ती तर फारच सुंदर आहे. कर्नल (लिनक्सचा गाभा), पॅरामीटर फाइल आणि इनिटआरडी (सुरू होताना लागणारी तात्पुरती फाइल-प्रणाली), याच क्रमाने, ८० बाइटच्या रेकॉर्डमध्ये आभासी कार्ड रीडरमध्ये 'पंच' करायच्या आणि 'आयपीएल ००सी' ही त्या रीडरवरून यंत्र सुरू करायची आज्ञा द्यायची. ८० म्हणजे पंचकार्डाचीच रुंदी! लिनक्स एस/३९० वर चालावा म्हणून केलेले पॅच (कोडमधले बदल) आयबीएमने डिसेंबर १९९९ मध्ये खुले केले. कार्ड रीडरची ही वाट अजूनही वापरात आहे.