मदत हवी आहे: गिऱ्हाईक आणि आम्ही, दोघांना एकच पान कसं दिसेल?

रावेरला आमची केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी आहे, बुकिंग वेबसाइटवर. रोज फोन येतो, "भाऊ, पिनकोड टाकला, पुढचं बटनच दिसत नाही." बटन खालीच असतं, पान वर सरकवायचं राहिलेलं! स्क्रीन शेअरचं ॲप टाका म्हटलं की समोरचा फोन ठेवतो. फसवणुकीच्या बातम्या ऐकलेला माणूस, बरोबरच आहे त्याचं.

को-ब्राउझिंगमध्ये, म्हणजे गिऱ्हाईकाने उघडलेलं पान त्याच वेळी आम्हालाही दिसतं त्यात, वेगळं ॲप लागत नाही, आपल्याच साइटचं पान दिसतं, बाकी मोबाइल नाही. कुणी बसवलंय का? कार्ड नंबर, ओटीपीचे रकाने फोन घेणाऱ्या आमच्या पोराला दिसू नयेत म्हणून कोडमध्ये प्रत्येक रकाना आपणच झाकायचा का? पेमेंटचं पान दुसऱ्या डोमेनवर उघडतं, तिथे काय करता? मळ्यात रेंज जेमतेम असते, तेवढ्यावर निभतं का?