लिनक्सवर लिब्रेऑफिस पुरतं की एक्सेलशिवाय गत्यंतर नाही?

उद्यमनगरकर
विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसातली मशीनं ठणठणीत आहेत, पण विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप त्यांच्यात नाही. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकली. आता घरातच दोन पार्ट्या पडल्यात. धाकट्या भावाचं म्हणणं, वर्षाची वर्गणी भरू आणि ब्राऊझरमधलं एक्सेल वापरू, कारण लिनक्सवर टाकता येईल असं एमएस ऑफिस मायक्रोसॉफ्ट काढतच नाही.

मी म्हणतो, कोटेशन, चलन, हजेरी आणि पगारपत्रक एवढ्यासाठी लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस पॅकेज रग्गड झालं. फॉरमॅट कोडमध्ये #,##,##0 टाकलं की रक्कम 12,50,000 अशी आपल्या पद्धतीनं दिसते. एक्सलुकअप (यादीतून हवी ती नोंद शोधणारं एक्सेलचं सूत्र) नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी 24.8 किंवा पुढची आवृत्ती घ्यावी, ऑगस्ट 2024 पासून तेही आलंय. फक्त ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस यांत गफलत करू नका. 2010 साली वाटण्या होऊन ओपनऑफिसमधून लिब्रे वेगळं निघालं, तेव्हापासून खरं काम लिब्रेत होतंय. ओपनऑफिसला आजही वर्डची डॉक्स (.docx) फाईल सेव्ह करता येत नाही.

लक्ष्मीपुरी टॅक्सवाला
तुमचं चालेल ओ, आमचं कसं चालायचं? जीएसटीचं रिटर्न ऑफलाइन टूल विंडोज आणि एक्सेल धरूनच बनवलंय. क्लायंट मॅक्रोवाल्या, म्हणजे आत छोटे प्रोग्रॅम घातलेल्या, शीट पाठवतात. लिब्रेऑफिस त्यातले काही मॅक्रो चालवतं, काहींवर अडतं. आणि रिटर्नची 20 तारीख तोंडावर आलेली असताना कुठला अडला हे शोधत बसायला वेळ कुणाला आहे? वर टॅलीही विंडोजवर. फुकटच्या नादात धंदा अडवू नका.

उद्यमनगरकर
साहेब, ते टूल तुम्ही चालवता, मी नाही. मी तुम्हाला एक्सेलची साधी एक्सएलएसएक्स फाईल पाठवतो, ती तुमच्याकडे नीट उघडते. तुमच्या गरजेपायी माझ्या चारही मशीनला वर्गणी का लावायची?

महाद्वार टायपिंग
दादा, तुम्ही दोघं आकड्यांवरच भांडताय. मराठी टाईप करणाऱ्याला विचारा. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि साईज इंग्रजीपेक्षा वेगळी धरली जाते. स्टाईलची खिडकी उघडली की 'कॉम्प्लेक्स' असा निराळा कप्पा दिसतो. नवख्या माणसाला हे ठाऊक नसतं. तो इंग्रजीच्या कप्प्यात 14 करतो, मराठी 12 वरच राहते, आणि मग सॉफ्टवेअरच्या नावानं बोटं मोडतो.

दुसरं, मंगल फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा. लिनक्सवर तो नसतो, त्याच्या जागी नोटो किंवा लोहित बसतो आणि ओळींची उंची बदलते. परवा एका पतसंस्थेची वार्षिक सभेची नोटीस आली. त्यांच्याकडे एका पानात बसलेली, माझ्याकडे दुसऱ्या पानावर नुसता 'चेअरमन' आणि सहीची रेघ. इंग्रजीला हा त्रास कमी, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो मिळतो. मराठीत तसा जोडीदार मला तरी सापडलेला नाही. तरीही मी लिब्रेऑफिसच वापरते, मात्र बाहेर जाणारं सगळं पीडीएफ करून.

शाहूपुरी ट्रेडर्स
ताई, पीडीएफ ठीक, पण समोरच्याला त्यात दुरुस्ती करायची असली तर? आणि श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टातल्या फायलींचं काय?

महाद्वार टायपिंग
श्रीलिपीच्या जुन्या फायली युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नाहीत. तो फॉन्ट नसेल तर वर्डमध्येसुद्धा गिचमिडच दिसणार. आधी कन्व्हर्टरमधून काढा. दोष ऑफिसवर ढकलू नका.

शाहूपुरी ट्रेडर्स
बरं, माझं मत दोघांच्या विरोधात. मशीनवर काही ठेवूच नका. 2019 च्या कोल्हापूरच्या पुरात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, कॉम्प्युटर गेला, हार्डडिस्क गेली. ज्या फायली ऑनलाइन शीटमध्ये होत्या तेवढ्याच वाचल्या. गूगल घ्या, झोहो घ्या. ब्राऊझर असला की झालं, खाली लिनक्स आहे की आणखी काय, कोण बघतंय?

उद्यमनगरकर
आणि त्याच पुरात लाईट नव्हती, नेट नव्हतं, शिरोलीजवळ हायवे बंद. तेव्हा ऑनलाइन शीट उघडली कुठं? बॅकअप ऑनलाइन ठेवा की, कोण नको म्हणतंय. पण रोजचं काम नेटच्या भरवशावर नको. आमच्याकडं नेट दुपारी चहाला जातं.

राजारामपुरी डिझायनर
मॅकवाल्यांचा विषयच वेगळा. आमच्याकडे खरंखुरं वर्ड-एक्सेल मिळतं, फक्त ॲक्सेस हा डेटाबेस नाही आणि शीटमधली ॲक्टिव्हएक्सची बटणं चालत नाहीत. ॲपलचं स्वतःचं शीटचं ॲप नंबर्स फुकट आहे, दिसायला देखणं, पण मोठ्या हिशेबाला नको.

कॉलेजकट्टा
ओन्लीऑफिसचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? लिनक्सवर फुकट मिळतं, वरची बटणांची पट्टी (रिबन) वर्डसारखी, फाईल थेट डॉक्समध्ये सेव्ह होते. आमच्या सरांना दिलं तर त्यांना फरकही कळला नाही. लिब्रेऑफिसचा मेनू बघून मात्र ते जे काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उद्यमनगरकर
भावा, लिब्रेतही व्ह्यूमध्ये जाऊन यूझर इंटरफेस 'टॅब्ड' केलं की रिबन येते. ओन्लीऑफिस मी नाकारत नाही. पण लिब्रेचा फाईलचा फॉरमॅट ओडीएफ 2006 पासून आयएसओचं मानक आहे आणि ते कुण्या एका कंपनीच्या हातात नाही. माझी दहा वर्षांची रेटशीट मला त्यातच ठेवायची आहे.

लक्ष्मीपुरी टॅक्सवाला
मानक घेऊन काय चाटायचंय? तुमचा पुण्याचा कास्टिंगवाला ग्राहक इन्स्पेक्शन रिपोर्टचा साचा कशात पाठवतो, एवढंच सांगा.

उद्यमनगरकर
एक्सेलमध्ये. लॉक केलेल्या सेल, वर मॅक्रोचं बटण. त्या एका कामासाठी एक मशीन विंडोजवर ठेवलंय, टॅलीही त्यावरच. बाकी तिघांवर लिब्रेच.

लक्ष्मीपुरी टॅक्सवाला
म्हणजे एक्सेल लागतंच की ओ!

उद्यमनगरकर
एक लागतं. धाकटा चार मागतोय.