मदत हवी आहे: देवघरातल्या तीन रुपयांत चांदी किती?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आईच्या देवघरात तीन जुने रुपये आहेत. दर लक्ष्मीपूजनाला ताम्हनात येतात, रांगोळीने घासून पुन्हा डबीत जातात. एक १९१९ चा, पंचम जॉर्जचा. दुसरा १९४२ चा, सहाव्या जॉर्जचा. तिसरा १९४७ चा, मागे वाघ असलेला. यंदा आईने मनावर घेतलं की तिन्ही मोडायचे आणि सुनेला चांदीचं निरांजन करायचं.

सराफ म्हणाले, पहिला चांगला, दुसऱ्यात निम्मीच चांदी, तिसऱ्यात काहीच नाही. घरी येऊन चुंबक लावला तर तिसरा खटकन चिकटला! म्हणजे लोखंडाचा? आजोबांना कुणी खोटा रुपया दिला की काय, ही रुखरुख आईला लागून राहिली आहे.

त्यात चिरंजीव बारावीला. त्याने मलाच गणित घातलं: १९१९ चा रुपया नायट्रिक आम्लात विरघळवून त्यात मिठाचं पाणी ओतलं, तर सिल्व्हर क्लोराइड किती मिळेल? मी ११.६६ ला चांदीच्या अणुवस्तुमानाने, १०७.८७ ने, भागलं आणि सिल्व्हर क्लोराइडच्या रेणुवस्तुमानाने, १४३.३२ ने, गुणलं. आलं १५.५ ग्रॅम. त्याचं आलं १४.२. पण रुपयाच ११.६६ ग्रॅमचा, मग साका, म्हणजे तळाला बसणारा सिल्व्हर क्लोराइडचा गाळ, त्याहून जड कसा? आम्ही दोघेही चुकलोय का?

तोळामासा:
आधी आईंना सांगा, आजोबांना कुणी फसवलेलं नाही. १९४७ चा रुपया सरकारनेच शुद्ध निकेलचा पाडला. निकेललाही चुंबक धरतो, त्याला लोखंडच लागतं असं नाही. चिकटला म्हणून तो खोटा ठरत नाही.

सराफही खरं बोलले. १८३५ च्या कायद्याने रुपयाचं वजन १८० ग्रेन ठरलं, म्हणजे बरोबर एक जुना तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात चांदी १६५ ग्रेन, बाराला अकरा भाग, म्हणजे ०.९१७. तुमचा १९१९ चा त्याच जातीचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात लोक कलदार, म्हणजे चांदीचे रुपये, दडवायला लागले, चांदीची ओढाताण झाली. १९४० मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि नाण्यातली चांदी निम्म्यावर आणली: ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन मात्र तेच, त्यामुळे तळहातावर फरक कळत नाही. १९४२ च्या नाण्याची कड बघा, दात्यांच्या मधोमध नक्षीची खाच असेल. बनावट नाण्यांना आळा बसावा म्हणून ती आली.

आणि रांगोळीने घासणं थांबवा हो! दरवर्षी थोडी चांदी ताम्हनात धुऊन जातेय.

खडूफळा:
गणितात मुलगा बरोबर, बाबा चुकले. तुम्ही अख्खं नाणं चांदीचं धरलंत. आधी ११.६६ × ०.९१७ = १०.६९ ग्रॅम चांदी काढायची, मग १०७.८७ ने भागायचं. आले ०.०९९१ मोल. गुणिले १४३.३२, म्हणजे १४.२ ग्रॅम. उरलेलं तांबं साक्यात येत नाही, द्रावणातच राहतं आणि त्याला निळसर-हिरवा रंग देतं.

साका नाण्याहून जड का? चांदीच्या प्रत्येक अणूला क्लोरीनचा एक अणू चिकटला, ३५.४५ चा. तो नाण्यातला नाही, तुमच्या मिठातला. १०.६९ ग्रॅम चांदीला ३.५१ ग्रॅम क्लोरीन जोडा, बेरीज जुळते. परीक्षेत निम्मी मुलं इथेच उत्तर खोडतात, साका जड आला म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून. तुमच्या मुलाने खोडलं नाही, त्याला माझ्याकडून शाबासकी.

हे कागदावरच राहू द्या. नायट्रिक आम्लातून निघणारा तपकिरी धूर फुफ्फुसांना फार वाईट.

घरी करायचंच तर घनता काढा. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, बुडबुडे चिकटले तर झटका. आता काटा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. जुन्या चांदीच्या रुपयाची घनता १०.३ च्या आसपास, निम्म्या चांदीची ९.५, निकेलची ८.९. नाणं झिजलं तरी घनता बदलत नाही, हा याचा मोठा फायदा.

कृष्णाकाठ:
केलं! काटा शेजारच्या वहिनींचा, केक करतात त्या. १९१९ चा कोरडा ११.४२, पाण्यात १.११, म्हणजे १०.२९. १९४२ चा ११.५८ आणि १.२१, म्हणजे ९.५७. वाघवाला ११.६३ आणि १.३१, म्हणजे ८.८८.

मॅडम, चांदी आता झिजलेल्या वजनावरच धरायची ना? पहिल्यात १०.४७ ग्रॅम, दुसऱ्यात ५.७९?

खडूफळा:
अगदी बरोबर. दोन्ही मिळून १६.२६ ग्रॅम. एवढ्यात निरांजन झालं तरी वातीपुरतंच होईल.

तोळामासा:
मोडू नका असंच मी म्हणेन. दुसऱ्या नाण्यातलं तांबं-जस्त काढायचा खर्च सराफ तुमच्याच माथी मारणार.

कृष्णाकाठ:
आईला सगळं वाचून दाखवलं. आजोबा फसले नव्हते हे ऐकून तिने निरांजनाचा विषयच सोडला. तिन्ही रुपये डबीत परत गेले. रांगोळीचं सांगितलं तर म्हणाली, बरं, यंदापासून नुसत्या पाण्याने. चिरंजीव १५.५ वरून मला अजून चिडवतोय. धाग्याचं काम झालं, सगळ्यांचे आभार.